लाल फुल्या

आग विझवायची नळकांडी भरून देणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे 'चव्वेचाळीस' म्हणत. नवीन लागलेल्या माणसाला वाटे, हा हिचा हजेरीचा नंबर असणार. तसं नव्हतं. ते नाव शाळेतून तिच्या मागे लागलं होतं. कारखान्याचा फोरमन तिच्याच वर्गातला, त्यानं ते इथवर आणून पोचवलं. पण ठेवलं होतं ते तिच्या सख्ख्या बापानं.

बाप शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. सगळी वस्ती त्यांना 'सर' म्हणायची. बँकेतला कारकून, केस कापणारा, दवाखान्यातला डॉक्टर, सगळ्यांनी कधी ना कधी त्यांच्या हातचा डस्टर खाल्लेला. मुलगी नववीत त्यांच्या वर्गात आली त्याच दिवशी जेवताना त्यांनी सांगून टाकलं, "आजपासून मी तुझा सर. शाळेत एक आणि घरात एक अशी दोन तोंडं मला चालणार नाहीत." आई म्हणाली, "अहो, घरात तरी बाबा म्हणू दे की." सरांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. आईनं वाढायला घेतलं. त्या दिवसापासून मुलीच्या तोंडून 'बाबा' हा शब्द गेला तो गेलाच. धाकटा भाऊ दुसऱ्या शाळेत होता, म्हणून तो सुटला.

त्याच वर्षीची गोष्ट. सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. गणित सोपं होतं. शंभर ग्रॅम संगमरवर भट्टीत तापवला, छप्पन ग्रॅम कळीचा चुना उरला, मग बाकीचे चव्वेचाळीस ग्रॅम कुठे गेले? आदल्याच संध्याकाळी तिनं हे वहीत सोडवलं होतं. संगमरवरातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तो चव्वेचाळीस ग्रॅम, दोन्ही मिळून पुन्हा शंभर. पण हातात खडू आला, पाठीमागे चाळीस पोरं, समोर वडील, आणि तिला एकच शब्द आठवला.

"उडाले," ती म्हणाली.

"उडाले?" सर म्हणाले. "कुठे उडाले? चिमण्या होत्या का त्या?"

वर्ग हसला. सरांना वर्ग हसलेला आवडायचा, एरवी कोणाची हसायची टाप नव्हती. "मुलांनो, नीट बघून घ्या. ही मुलगी बनवताना शंभर ग्रॅम माल घातला होता. छप्पन ग्रॅम तेवढा हाती लागला. डोक्याचे चव्वेचाळीस ग्रॅम उडाले!" मग तिच्याकडे न बघता, "जा, जागेवर बसा, चव्वेचाळीस."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्यांनी तिचं नाव उच्चारलंच नाही. "चव्वेचाळीस?" म्हणाले आणि चष्म्यावरून बघत राहिले. तिनं "हजर" म्हटलं तेव्हा पुढचं नाव घेतलं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकाची परीक्षा सरांनीच घेतली. पास व्हायला तिला दोन गुण कमी पडले. मुख्याध्यापक स्वतः घरी आले. "सर, दोनच गुणांचा प्रश्न आहे. पोरीला औषधनिर्माणाला जायचंय, तिची जागा जाईल." सर म्हणाले, "माझ्या मुलीला दोन गुण फुकट दिले, तर उद्या तिच्या हातच्या औषधानं एखादा मरेल." मुख्याध्यापकांना हे फार थोर वाटलं. पुढे कितीतरी वर्षं ते सभांमधून ही गोष्ट सांगत. ती मात्र त्या वेळी आतल्या खोलीत दाराला पाठ लावून उभी होती, आणि तिला ठाऊक होतं की तिचं उत्तर बरोबर होतं. शेवटच्या बेरजेखाली रेघ मारायची राहिली, म्हणून दोन गुण कापले होते.

पुन्हा परीक्षेला बसायचं तर अभ्यास सरांकडेच करावा लागणार. ती बसली नाही. कारखान्यात तोलणारीची जागा निघाली, ती धरली. काम असं की नळकांड्याच्या मानेवर त्याचं रिकामं वजन कोरलेलं असतं, ते वाचायचं, नळकांडं काट्यावर चढवायचं, वायू सोडायचा, आणि काटा ठरल्या आकड्यावर आला की झडप बंद करायची. भरायचा तो कार्बन डायऑक्साइडच. जे तिला फळ्यापुढे सुचलं नाही ते ती आता रोज क्विंटलांनी भरत होती. आणि जे सरांना डस्टरनं जमलं नाही ते काट्यानं केलं. कोणी न शिकवता तिला सगळं उमगत गेलं. एकदा फोरमन गंमतीत म्हणाला, "एवढ्याशा डबड्यात असून असून किती हवा असणार?" ती झडपेवरचा हात न काढता म्हणाली, "यात चार किलो चारशे ग्रॅम आहे. म्हणजे शंभर मोल. बर्फाइतक्या थंडीत मोकळा सोडलास तर दोन हजार दोनशे चाळीस लीटर. ही खोली बंद करून सोड आणि बस आत." फोरमननं तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहिलं. पण हाक मारायची ती चव्वेचाळीस म्हणूनच.

लग्नाचं एकदा जमत आलं होतं. मुलगा छापखान्यात होता, शांत होता. त्याच्या घरच्यांशी बोलताना सर मधेच म्हणाले, "एक सांगून ठेवतो, नंतर फसवलं म्हणू नका. मुलगी रसायनात नापास आहे." मुलाकडचे हसले, त्यांना तो विनोद वाटला. सर हसले नाहीत. पुढे ते बोलणं कसं कोण जाणे, विरून गेलं. आई त्यानंतर चार वर्षांनी गेली. भाऊ लांबच्या शहरात जाऊन स्थिरावला. घरात सर आणि ती उरली.

सरांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, तोंड एका बाजूला ओघळलं, आणि शब्द गेले. पाणी हवं असलं की "खिडकी" म्हणायचे. खिडकी उघडायची असली की काहीच म्हणायचे नाहीत, नुसते रडायचे. तिचं नाव तर पुसूनच गेलं होतं. मग एका सकाळी, ती न्हाणीघरात कपडे पिळत असताना, आतून खणखणीत हाक आली.

"चव्वेचाळीस!"

ती ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. सर डाव्या हातातला चमचा पलंगाच्या दांडीवर आपटत होते. "चव्वेचाळीस! चव्वेचाळीस!"

बोलणं शिकवायला आठवड्यातून एकदा एक बाई यायच्या. त्यांना आनंद झाला. "अहो, आकडे शाबूत आहेत की! यांना पूर्वी काय आवडायचं?"

"गणितं," ती म्हणाली. "रसायनाची."

"मग रोज तीच द्या. अगदी सोपी. चूक की बरोबर ते सोडा, नुसतं कौतुक करा. या वयात माणूस कौतुकावरच उभा राहतो."

तिनं शंभर पानी वही आणली, पेन्सिल आणली आणि एक लाल पेन. रोज सकाळी कामावर जायच्या आधी ती एक गणित लिहून द्यायची. चार ग्रॅम हायड्रोजन आणि बत्तीस ग्रॅम ऑक्सिजन मिळून किती ग्रॅम पाणी? सरांनी डाव्या हातानं, अर्धा तास घेऊन, लहान मुलासारखे वेडेवाकडे आकडे काढले. छत्तीस. तिनं बरोबरची खूण केली. तिला काहीच वाटलं नाही, ना बरं ना वाईट. भांडं घासून जागेवर ठेवल्यासारखं वाटलं.

महिनाभरात सरांची गाडी रुळावर येऊ लागली. आकड्यांबरोबर एखाददुसरा शब्दही यायला लागला. "बरोबर", "पेन", "उजेड". बाई म्हणाल्या, "तुम्ही जादू केलीत." ती हसली. तेव्हा ती खरंच नेकीनं करत होती, हे सांगायला हवं.

मग एक दिवस घाईत तिच्याकडून चूक झाली. पाणी तयार होण्याचं समीकरण लिहिताना तिनं पुढचे आकडे घातलेच नाहीत, त्यामुळे दोन्ही बाजूंचे अणू जुळेनात. सरांनी वही पाहिली. पेन्सिल उचलून हायड्रोजनच्या आधी दोन लिहिला, पाण्याच्या आधी दोन लिहिला. मग त्या जागेवर बोटानं टकटक केली, नाकातून तो जुना "हं!" काढला आणि अर्ध्याच तोंडानं हसले.

"चव्वे... चाळीस," ते म्हणाले. "उडाले."

झटक्यानं त्यांचं सगळं नेलं होतं. बायकोचं नाव, मुलांची नावं, स्वतःचं घर कोणत्या रस्त्यावर आहे ते. हे तेवढं ठेवलं होतं.

तिनं वही ओढून घेतली आणि खाली दुसरं गणित लिहिलं. पासष्ट ग्रॅम जस्त आम्लात टाकलं, तर किती ग्रॅम हायड्रोजन सुटेल? सरांनी लिहिलं, दोन. अगदी बरोबर. तिनं लाल पेन उघडलं आणि त्या दोनावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली.

"चूक."

सर तिच्याकडे बघत राहिले. पुन्हा मांडलं. पुन्हा दोन. पुन्हा फुली.

"हायड्रोजनच्या रेणूत अणू किती, सर?"

त्यांनी दोन बोटं वर केली.

"नीट आठवा. डोकं घरी विसरून आलात का? तुम्ही तर घरीच आहात."

तिसऱ्यांदाही दोनच आला. कपातल्या दुधावर साय धरली, पण तिनं कप पुढे सरकवला नाही. "गणित सुटलं की दूध," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, 'तुम्ही' सोडलं नाही. चौथ्या फुलीनंतर सरांची पेन्सिल कागदावर नुसती टेकून राहिली. तिनं घड्याळ पाहिलं, दूध मोरीत ओतून टाकलं आणि कामावर गेली. त्या दिवशी काट्यावर उभी असताना ती गुणगुणत होती. फोरमन म्हणाला, "काय, लॉटरी लागली का?"

त्यानंतर वहीत फुल्याच फुल्या. चूक उत्तराला फुली आणि बरोबर उत्तराला त्याहून मोठी फुली. नळकांडी भरता भरता ती दुसऱ्या दिवशीचं गणित मनात जुळवायची. मुद्दाम अशी निवडायची की जी सर झोपेतही सोडवत असत. चोवीस ग्रॅम मॅग्नेशिअम जाळलं तर राख किती? अकरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचं आकारमान किती? सर बरोबर सोडवायचे, तिच्या तोंडाकडे बघायचे, आणि लाल पेन कागदाला लागायच्या आधीच डोळे मिटून घ्यायचे. त्यांचे शब्द पुन्हा आटायला लागले. आधी "उजेड" गेला. मग "पेन" गेला. "बरोबर" हा तर कधीच गेला होता.

तिला वाईट वाटत नव्हतं का? वाटायचं. रात्रीचे त्यांचे कपडे बदलताना, त्यांच्या मांड्या काडीसारख्या झालेल्या बघून, ती पाणी आणखी कोमट करून आणायची. ती हळुवार हातांनी पुसायची, पावडर लावायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन भरवून जायची. सेवेत तिनं कसूर केली नाही. पण सकाळ झाली, वही उघडली, की हात लाल पेनाकडेच जायचा.

सरांच्या पंच्याहत्तरीला जुने विद्यार्थी भेटायला आले. सहा जण. त्यात औषधाच्या मोठ्या दुकानाचा मालक होता, एक डॉक्टर होता, फोरमनही होता. फुलं आणली, काचेच्या चौकटीत मानपत्र आणलं. सर खुर्चीत नीट बसलेले, केस विंचरलेले. डॉक्टरनं मानपत्र वाचून दाखवलं, त्यात त्या दोन गुणांची गोष्टही होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणी तिच्याकडे पाहिलं नाही.

"सर अजून रोज गणित सोडवतात," ती चहाचे कप ठेवत म्हणाली. "बघायचंय?"

"काय सांगता! अजून?" दुकानदार पुढे सरकला. तिनं सरांच्या मांडीवर पाटी ठेवली, वही उघडली आणि लिहिलं, शंभर ग्रॅम संगमरवर. सहाही जण खुर्चीमागे गोळा झाले. सर कोणाला तरी दाखवायला मिळतंय म्हणून की काय, ताठ झाले. पेन्सिल घट्ट धरली. शंभर, खाली छप्पन, वजाबाकीची रेघ, आणि रेघेखाली चव्वेचाळीस. इतक्या महिन्यांत इतके सुबक आकडे त्यांनी काढले नव्हते.

तिनं लाल पेन घेतलं आणि सगळ्यांदेखत फुली मारली.

"चूक, सर."

सरांनी मान वर केली. आधी डॉक्टरकडे पाहिलं. मग दुकानदाराकडे. मग एकेक करून सगळ्यांकडे. सहा जणांतला एकही असा नव्हता ज्याला हे गणित येत नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. डॉक्टर मानपत्राच्या चौकटीवरची धूळ पुसायला लागला. दुकानदारानं कप उचलला. आणि फोरमन, बिचारा, शाळेतल्या सवयीनं फिस्सकन हसला.

सरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते उजव्या गालावरून ओघळत हनुवटीपर्यंत गेलं. त्या बाजूची कातडी बधिर असल्यामुळे त्यांना ते कळलंही नसावं. तिनं पदराच्या टोकानं पुसलं. "दमलेत," ती पाहुण्यांना म्हणाली. पाहुण्यांना एकदम कामं आठवली. रस्त्यावर उतरल्यावर डॉक्टर म्हणे म्हणाला, "सरांच्या मुलीवर किती ताण असेल, नाही?" बाकीचे हो म्हणाले. हे दुसऱ्या दिवशी फोरमननंच तिला सांगितलं. सांगताना त्यानं पहिल्यांदाच तिला नावानं हाक मारली. तिला ते ओळखीचं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी वही उघडली. पानं उलटत गेल्या, मग मागे आल्या, एका पानावर थांबून बोटांवर हिशेब केला.

"अहो, हे तर बरोबर आहे."

"हो."

"हेही. आणि हे... ही सगळीच बरोबर आहेत!"

"मला ठाऊक आहे."

बाईंचा चेहरा उतरला. "मग तुम्ही... तरीच यांचे शब्द जाताहेत. हा केवढा दुष्टपणा आहे, कळतंय का तुम्हाला?"

"बाई, तुम्ही आठवड्यातून एक तास येता," ती चादर बदलता बदलता म्हणाली. "उरलेले तास कोणाकडे असतात ते एकदा मोजा. कोणी येत असेल तर आजच घेऊन या. मी किल्ली देते."

बाई सरांपाशी वाकल्या. "सर, तुमची सगळी गणितं बरोबर आहेत. सगळी!" सरांनी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे, मुलीकडे पाहिलं. ती चादरीचं टोक खोचत राहिली. सरांनी बाईंकडे पाठ फिरवायचा प्रयत्न केला, तेवढी ताकद नव्हती, म्हणून नुसतं तोंड फिरवलं.

संध्याकाळी भावाचा फोन आला. बाईंनीच कळवलं होतं. "ताई, मी हे काय ऐकतोय?"

"खरं तेच ऐकतोयस. घेऊन जा त्यांना."

"अगं, आमच्याकडे दुसरा मजला. जिना किती अरुंद आहे तुला माहीत आहे."

"हो, जिना अरुंद आहे."

"तू... जरा सांभाळून घे. मोठी आहेस." मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे गरमी खूप आहे का? ती म्हणाली, आहे. फोन ठेवला. बाई त्यानंतर आल्या नाहीत, त्यांच्या जागी कोणी आलं नाही.

दोन दिवस तिनं वही काढलीच नाही. तिसऱ्या दिवशी सर सकाळपासून डाव्या हातानं चादर चाचपत होते. काय शोधताहेत ते तिला कळलं. तिनं वही दिली, आणि जस्ताचंच गणित लिहिलं, पासष्ट ग्रॅमचं. सरांनी लिहिलं, दोन. डोळे मिटून घेतले.

तिनं बरोबरची खूण केली. का, ते तिला सांगता आलं नसतं. कामावर जायला उशीर होत होता, एवढं खरं.

सरांनी डोळे उघडले. खूण पाहिली. तिच्याकडे पाहिलं, पुन्हा खूण पाहिली.

"बरोबर आहे, सर," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. नाही. खोडरबर घेऊन ते दोनाचा आकडा खोडायला लागले. लाल शाई पसरली, कागद चुरगळला, एका जागी फाटला.

"अहो, बरोबर आहे ते! हायड्रोजन दोन ग्रॅमच सुटतो. तुम्हीच शिकवलंत ना?" तिनं त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते हिसडून सोडवलं, इतक्या जोरानं की पेन्सिल खाली पडली. तिनं उचलून दिली. फाटलेल्या जागेशेजारी त्यांनी जीभ दातांत धरून, सावकाश, एक लिहिला. आणि वही तिच्यापुढे सरकवली.

ती बराच वेळ त्या एकाकडे बघत होती. घड्याळात साडेआठ होऊन गेले होते. मग तिनं पेन उचललं आणि त्या एकापुढे बरोबरची खूण केली.

सरांनी सुस्कारा सोडला आणि उशीला टेकले. त्या दिवशी त्यांनी कपभर दूध एका दमात संपवलं आणि रिकामा कप आणखी हवं म्हणून पुढे केला.